चूक माणसाची, मग भाषा का बदलायची?

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटरनेटवर चालणारे नवे सॉफ्टवेअर ‘सी’ भाषेत लिहू नये, असे तिच्या प्राध्यापकांनी सांगितले. चूक तर प्रोग्रॅमरची असते. मग भाषा बदलल्याने सुरक्षितता कशी वाढणार?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चूक माणसाचीच असते, हे आपले म्हणणे खरे आहे, पण त्या चुकीचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी भाषा ठरवते. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष पाहा. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सी भाषेतील सॉफ्टवेअरमध्ये तो होता. जोडणी जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एका बाजूने थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची आणि दुसऱ्या बाजूने तोच मजकूर परत करायचा, अशी त्यात सोय होती. एखाद्याने एकच अक्षर पाठवून लांबी मात्र ६४ हजार बाइट सांगितली, तर सर्व्हर ती पडताळून न पाहता मेमरीतला शेजारचा तेवढा भाग उचलून पाठवून देई. त्या भागात कोणाचा पासवर्ड असे, तर कधी खुद्द सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून दोन वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि दुरुस्ती होती ती लांबी तपासणाऱ्या मोजक्या ओळींची. सी भाषा ही तपासणी सर्वस्वी प्रोग्रॅमरवर सोपवते. जावा, पायथन, गो किंवा रस्ट या भाषांत ॲरेची, म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेल्या माहितीच्या रांगेची, हद्द ओलांडली की प्रोग्रॅम त्रुटी दाखवून तिथेच अडतो. सर्व्हर बंद पडणे हेही नुकसानच, पण गुपित बाहेर जात नाही.

‘काळजीपूर्वक लिहा’ एवढा सल्ला पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली कंपनी दुरुस्त करते त्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतून येतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते, आणि तिथले प्रोग्रॅमर काही नवशिके नव्हेत. अँड्रॉइडमध्ये अशा दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. त्यासाठी जुना कोड सगळा नव्याने लिहावा लागला नाही. नवा कोड प्रामुख्याने रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिला गेला. प्राध्यापकांनी ‘नवे’ हा शब्द वापरला, तो म्हणूनच महत्त्वाचा आहे.

अर्थात, भाषेला सगळेच दोष अडवता येत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या प्रोग्रॅमच्या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेला दोष जावामधलाच होता: विशिष्ट स्वरूपाचा मजकूर नोंदीत आला, की ते सॉफ्टवेअर हल्लेखोराच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकत असे. तिथे मेमरीची हद्द कोणी ओलांडली नव्हती. बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवण्याचा निर्णयच चुकीचा होता.

मुलीने सी शिकणे मात्र सोडू नये, कारण लिनक्सचा गाभा अजूनही मुख्यतः त्याच भाषेत आहे आणि तो सांभाळणारी माणसे लागणारच आहेत. सराव करताना तिने कंपायलरमधील ‘ॲड्रेससॅनिटायझर’ ही मेमरीच्या चुका पकडणारी सोय चालू ठेवावी, म्हणजे ॲरेची हद्द कोणत्या ओळीत ओलांडली गेली, ते तिला तिथल्या तिथे दिसेल.