‘ट्रायको’मध्ये तीन कुठे आहेत?

विचारणा अशी आहे: कृषी केंद्रात ट्रायकोडर्मा आणि ट्रायकोकार्ड मिळतं, केसांच्या डॉक्टरच्या पाटीवर ट्रायकॉलॉजिस्ट असतं. हा आपला ‘त्रि’च का? मग तीन काय आहेत?

तीन काही नाहीत. हा ‘ट्रायको’ म्हणजे केस. प्राचीन ग्रीकमध्ये केसाला ‘थ्रिक्स’ म्हणत. माणसाच्या केसापासून डुकराच्या राठ केसापर्यंत सगळ्याला हाच शब्द. पण त्याची षष्ठी ‘त्रिखोस’ होते आणि समासात हेच ‘त्रिख’ येतं. इंग्रजी उच्चारात त्याचंच ‘ट्रायको’ झालं.

थ चा त का झाला, हे मराठी माणसाला चटकन कळावं. मूळ अंग ‘थ्रिख’. लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण, म्हणजे ख, थ, भ यांसारखी हकार मिसळलेली व्यंजनं, आले की ग्रीकमध्ये पहिल्यातला हकार गळतो, म्हणून त्रिखोस. प्रथमेत पुढच्या ‘स’मुळे ख चा क होतो, महाप्राण एकच उरतो, म्हणून तिथला थ शाबूत राहतो. संस्कृतातही हेच: धा चं ‘धधाति’ न होता दधाति होतं, भू चं बभूव. हा नियम १८६३ साली हर्मान ग्रासमान यांनी मांडला. ते मूळचे गणिती, आणि पुढे त्यांनीच ऋग्वेदाचा कोश केला. मला या शब्दाचं सगळ्यात जास्त अप्रूप इथेच वाटतं.

आता परसातला पडवळाचा वेल बघा. त्याचं शास्त्रीय नाव ट्रायकोसँथस, म्हणजे केसाळ फुलाचा. संध्याकाळी फूल उमललं की जवळ जाऊन पाहा: पाच पांढऱ्या पाकळ्या, आणि प्रत्येकीची कड पिंजून निघालेली, बारीक कुरळ्या तंतूंची झालर. कोकणात गणपतीच्या मंडपीला बांधतात ते कवंडळ याच कुळातलं, त्याचं फूलही असंच झिरमिळ्यांचं.

ट्रायकोकार्डावर पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा या इवल्याशा गांधीलमाशीने आपली अंडी घातलेली असतात. ‘ग्रामा’ म्हणजे रेघ, अक्षर. तिच्या पंखांवर केसांच्या ओळी असतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी, तिच्या नावातला ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. आणि बाजारातला बळा हा मासा ट्रायकियुरस, केसासारख्या शेपटीचा. त्याला शेपटीचा पर नसतोच, अंग निमुळतं होत होत शेवटी नुसता धागा उरतो.

मात्र सरसकट केस धरू नका. ट्रायकॉटमी म्हणजे त्रिभाजन. तिथे ग्रीक ‘त्रिखा’, म्हणजे तीन भागांत. तो खरोखरच आपल्या ‘त्रि’चा भाऊबंद.

योगायोग असा, की आजच्या ग्रीकमध्ये एका केसालाही ‘त्रिखा’च म्हणतात. ‘त्रिखेस!’ असं कुणी फटकारलं तर अर्थ ‘काहीतरीच!’ आपण राईचा पर्वत करतो, ते ‘त्रिखा’ची ‘त्रिख्या’ करतात, म्हणजे केसाचा दोरखंड. डोक्यावरच्या केसांना मात्र आता तिथे ‘माल्या’ म्हणतात, आणि तो शब्द आला लोकरीवरून.