दावा स्लाउला आणण्यावर पैसे घालू नका, वसुलीसाठी राखा

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या स्लाउला राहणाऱ्या नवरा-बायकोने स्वयंपाकघराच्या कामाचे आगाऊ पैसे दिले. फिटरने काम अर्धवट टाकलं आणि तो मँचेस्टरला राहायला गेला. त्याच्यावर २,८०० पौंडांचा दावा लावला. फोनवरची मध्यस्थी फसली आणि दावा मँचेस्टरच्या काउंटी कोर्टात (तिथलं दिवाणी कोर्ट) गेला. तो स्लाउला वर्ग करून घ्यायला सॉलिसिटर, म्हणजे वकील, ४५० पौंड मागतो, कोर्टाची फी वेगळी. हा खर्च करावा का?

नमस्कार. माझ्या मते करू नये, आणि ते तुमच्याच आकड्यांवरून दिसतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. दावा मँचेस्टरला गेला यात कोणाची चूक नाही. ठरावीक रकमेचा दावा एखाद्या व्यक्तीवर असेल, तर तो तिच्या राहत्या किंवा धंद्याच्या पत्त्याच्या कोर्टात जातो. समोर लिमिटेड कंपनी असती, तर तुम्ही पसंत केलेलं कोर्ट मिळालं असतं. तुमच्या बिलावर फिटरचं स्वतःचं नाव आहे, कंपनीचं नाही. त्यामुळे एन१८० फॉर्मवर, म्हणजे कोर्टाच्या प्रश्नावलीत, तुम्ही स्लाउ लिहूनही उपयोग झाला नाही.

आता हिशोब. दावा लावताना ११५ पौंड भरलेत, सुनावणीची फी १८१ पौंड. जिंकलात तर या दोन्ही फिया समोरच्याकडून मिळतात. कोर्ट बदलण्याचा अर्ज एन२४४ या फॉर्मवर होतो आणि त्याची फी ३०० पौंडांच्या वर आहे. समोरच्याने लेखी संमती दिली तर ती निम्म्याहून कमी होते, पण तुमचा फिटर संमती कशाला देईल? सॉलिसिटरचे ४५० धरले की साडेसातशे पौंड झाले, म्हणजे दाव्याच्या पाव भागाहून जास्त. दहा हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यात वकिलाचा खर्च जिंकूनही सहसा मिळत नाही. समोरच्याने अवाजवी वागणूक केली तरच अपवाद.

मँचेस्टरला जायचा खर्च काय? दोघांच्या गाडीभाड्याचा तुमचा अंदाज १९० पौंड आहे. जिंकलात तर वाजवी प्रवासखर्च मागता येतो, शिवाय बुडालेल्या पगारापोटी माणशी दिवसाला जास्तीत जास्त ९५ पौंड. भाड्याच्या पावत्या आणि पगार कापल्याचं मालकाचं पत्र सोबत न्या. १९० पौंड वाचवायला ७५० घालणं, तेही अर्ज नामंजूर होऊ शकतो हे माहीत असताना, मला पटत नाही. अर्जावर निर्णय देताना न्यायाधीश दाव्याची रक्कम, दोघांची सोय आणि न्याय्यता असं सगळं बघतात. 'आम्हाला लांब पडतं' एवढ्यावर काम होणं कठीण. महाराष्ट्रातल्या अनुभवावरून तारखांवर तारखा पडतील अशी धास्ती असेल, तर तीही सोडा. असा दावा बहुधा काही तासांच्या एकाच सुनावणीत संपतो.

तुमच्यापैकी कोणाला आजारपणामुळे प्रवास झेपत नसेल, तर गोष्ट वेगळी. अर्ज सॉलिसिटरशिवाय स्वतः करा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. त्याआधी दावा क्रमांक घालून मँचेस्टर कोर्टाला व्हिडिओवर सुनावणी घेण्याची विनंती पाठवा. काही वेळा पत्रावर भागतं, काही वेळा अर्जच करायला सांगतात.

आणखी एक वाट आहे. सुनावणीच्या किमान सात दिवस आधी कोर्टाला आणि फिटरला लेखी कळवून, कागदपत्रं दोघांकडे वेळेत पोचवून, 'आमच्या गैरहजेरीत निकाल द्या' असं म्हणता येतं. बांधकामाच्या वादात मी ही वाट सुचवणार नाही. कपाट बसवायचं राहिलं की बसवून बिघडलं, हे न्यायाधीश तोंडी विचारतात, आणि उत्तर द्यायला तिथे फक्त फिटर असेल. न कळवता गैरहजर राहिलात, तर दावाच फेटाळला जाऊ शकतो.

खरी भीती १८१ पौंडांच्या तारखेची आहे. फी नोटिशीतल्या तारखेपर्यंत भरली नाही, तर दावा आपोआप रद्द होतो. वर्ग करण्याचा अर्ज पडून आहे म्हणून ती तारीख पुढे जात नाही. ती आजच भरा. कागदपत्रं पाठवायची मुदत बहुधा सुनावणीआधी १४ दिवसांची असते, तुम्हाला कोर्टाकडून आलेल्या हुकुमात कोणती आहे ते बघा. कोटेशन, बँकेच्या नोंदी, मेसेज, तारखेसह फोटो आणि उरलेलं काम पुरं करण्याचं दुसऱ्या फिटरचं कोटेशन एवढं पुरे. तज्ज्ञाचा अहवाल परवानगीशिवाय चालत नाही, त्यावर खर्च करू नका.

वाचलेले पैसे निकालानंतर लागतील. फिटरने हुकूम होऊनही पैसे दिले नाहीत, तर ६०० पौंडांच्या वरचा हुकूम वसुलीसाठी हायकोर्टात वर्ग करता येतो आणि त्यांचे अधिकारी मालावर टाच आणतात. फॉर्म एन२९३ए, फी शंभर पौंडांच्या आत, आणि ती थकबाकीत जोडली जाते. पाच हजारांखालच्या तुमच्यासारख्या हुकुमावर काउंटी कोर्टात व्याज चढत नाही. हायकोर्टात गेल्यावर वर्षाला ८ टक्के चढतं. वसुली फसलीच, तर व्हॅट धरून सुमारे ९० पौंड तुमच्या अंगावर येतात. वर्ग करायला मी पैसे घालीन तर इथेच.

तेही चौकशी करून. धंद्याची हत्यारं आणि वाहन मिळून १,३५० पौंडांपर्यंतचा माल नियमाने सुटतो, आणि हप्त्यावरची व्हॅन त्याची नसते, म्हणून उचलता येत नाही. स्वतंत्र धंदा असल्यामुळे पगारातून कापून घेण्याचा हुकूमही मिळणार नाही. त्याच्या नावावर घर असेल, तर लँड रजिस्ट्रीत (घर-जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) थोड्या पौंडांत कळतं. मग अधिकारी पाठवण्यापेक्षा घरावर बोजा चढवून घेणं बरं.