सोमवारी राजीनामा देण्यापूर्वी

तुमची पोस्ट वाचून २०११ सालच्या पावसाळ्यातली माझी स्वतःचीच एक दुपार आठवली, म्हणून एरवी अशा वादांपासून लांब राहणारा मी हे लांबलचक उत्तर लिहायला बसलो आहे. तुम्ही पुण्यातील एका दैनिकात सहा वर्षे उपसंपादक आहात. एका मुस्लिम कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यावा की नाही, यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर वाद झाला, त्यात तुम्ही त्या समाजाविषयी एक वाक्य लिहिले, त्याचा स्क्रीनशॉट कार्यालयात पोहोचला आणि ‘सोमवारपर्यंत सन्मानाने राजीनामा द्या, नाहीतर आम्हाला काढावे लागेल’ असे तुम्हाला तोंडी सांगण्यात आले. अशा शेऱ्यासाठी पत्रकाराची नोकरी जावी का, हा तुमचा प्रश्न आहे.

मी वकील नाही. पुढे कायद्याविषयी जे लिहिले आहे ते चपला झिजवून मिळालेले ज्ञान आहे, त्यामुळे कामगार कायद्याची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला भेटल्याशिवाय त्यावर विसंबू नये. पोच ठेवणे, तोंडी सूचना लेखी मागणे वगैरे गोष्टी सहा वर्षे या धंद्यात काढलेल्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

आधी कडू ते सांगतो. तुमचे वाक्य चुकीचे होते. ‘गट खासगी होता’ हा बचाव मला पटत नाही, कारण ते वाक्य एका कुटुंबाला घर मिळू नये यासाठी वापरले गेले. या शहरात अशा वाक्यांचे वजन काय असते हे आपण पाहिलेले आहे. समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरावरून वातावरण तापलेले असताना २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये जमावाने एका तरुण संगणक अभियंत्याचा जीव घेतला, आणि त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तुमचे वाक्य त्या पंक्तीतले आहे असे मी म्हणत नाही. परंतु ‘एक वाक्यच तर होते’ असे सोमवारी त्या खोलीत म्हणू नका.

आता माझी गोष्ट. शहराच्या पानावर आठवड्यातून एकदा माझ्या नावाने एक छोटी चौकट येत असे. रात्रपाळीत फिरताना दिसलेले पुणे, असा तिचा साधारण विषय. मुस्लिमबहुल कोंढव्याविषयी लिहिताना मी असे वाक्य लिहिले, की काही गल्ल्यांत शिरल्यावर आपण पुण्यातच आहोत ना, असा प्रश्न पडतो. ते लिहिताना मला ते खुसखुशीत वाटले होते, हे आज कबूल करायला लाज वाटते. मुख्य उपसंपादकांनी ते वाचले, त्यांच्या वरच्यांनी पान छपाईला सोडले, कोणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कोंढव्यातील काही नागरिक निवेदन घेऊन आले. ते शांतपणे बोलले आणि दुरुस्ती छापा एवढेच त्यांचे मागणे होते. आमचा एक छायाचित्रकार त्याच भागात राहत असे. तो माझ्या टेबलाशी आला, अंक उघडून त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “या गल्लीत माझे घर आहे. तुला दोनदा जेवायला नेले होते. तेव्हाही हाच प्रश्न पडला होता का?” मला उत्तर देता आले नाही. त्याच्या नखाला चिकटलेली काळी शाई अजून आठवते.

त्यानंतर तासाभरात मला मनुष्यबळ विभागात बोलावले. टेबलावर टंकलिखित कागद तयार होता आणि त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द होते. “तुमच्याच भल्यासाठी आहे, दुसरीकडे नोकरी मिळताना अडचण येणार नाही,” असे मला सांगण्यात आले. प्रकरण मिटेल, नाव वाचेल, वडिलांना कळणार नाही, अशा विचारात मी वीस मिनिटांच्या आत सही केली. माझ्या आयुष्यातील सर्वांत महागडी चूक तीच. वाक्यापेक्षाही ती महाग पडली असे मी म्हणतो, तेव्हा लोक दचकतात.

याचे पहिले कारण कोरडे, कायद्याचे आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यामुळे औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण वार्ताहर-उपसंपादकांनाही मिळत होते, आणि एकट्या कर्मचाऱ्याच्या बडतर्फीलाही त्या कायद्याच्या कलम २अ नुसार औद्योगिक विवाद मानले जात होते. मात्र त्यासाठी बडतर्फी व्हावी लागते. मी दाद मागायला ज्या सरकारी कार्यालयात गेलो तेथील बाबूंनी माझा अर्ज न उघडताच विचारले, “राजीनामा दिलाय ना? मग वाद कुठे आहे?” दबावाखाली सही घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली, आणि खोलीत माझ्या बाजूचे कोणीही नव्हते. त्या कार्यालयात मी चौदा वेळा गेलो. एकदा प्रती कमी, एकदा नियुक्तिपत्राची प्रत अस्पष्ट, एकदा साहेब बैठकीला, एकदा साहेबांची बदली, आणि एकदा तर माझी फाईल दुसऱ्याच आस्थापनेच्या गठ्ठ्यात बांधलेली सापडली, ती मीच सोडवून वर काढून दिली. पाचव्या खेपेनंतर मी चहावाल्याच्या ओळखीचा झालो होतो, पण अर्जावर आवक क्रमांक पडला तो सातव्या खेपेला. कायद्यातील एक गंमत मला फार उशिरा कळली. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून राजीनामा देणाऱ्या पत्रकाराला तीन वर्षांच्या सलग सेवेनंतरही उपदान (ग्रॅच्युइटी) देण्याची तरतूद त्या १९५५ च्या कायद्यात होती. अन्य कारणाने स्वतःहून सोडणाऱ्यासाठी ती अट दहा वर्षांची होती. माझा ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा चार वर्षांच्या सेवेनंतरचा होता, म्हणजे तो या अटीत बसत नव्हता. (आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि हे जुने कायदे त्यांत सामावले गेले आहेत, म्हणून माझ्या वेळचे मार्ग आणि मुदती तशाच गृहीत धरू नका.)

दुसरे कारण माझ्या ध्यानात यायला आणखी दोन वर्षे गेली. मी सही केली त्या क्षणी दैनिकाच्या दृष्टीने प्रश्न संपला, ‘संबंधित कर्मचारी आता आमच्याकडे नाही’ एवढे सांगून सगळे मोकळे झाले आणि निवेदन घेऊन आलेल्यांनी मागितलेली दुरुस्ती कधीच छापली गेली नाही. ते वाक्य जसेच्या तसे ई-आवृत्तीत राहिले. ज्यांनी पान सोडले होते ते दोघेही आपापल्या खुर्चीवर राहिले. ज्या वाचकांचा अपमान झाला त्यांच्या पदरात माझ्या नोकरीचा बळी पडला, पण तो त्यांनी मागितलाच नव्हता.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नावर माझे मत असे आहे, की नोकरी शेऱ्यावरून ठरवू नये, शेऱ्यानंतर पत्रकार काय करतो त्यावरून ठरवावी. चूक दाखवल्यावर दुरुस्तीला नकार देणारा, किंवा तोच पूर्वग्रह बातमीत तथ्य म्हणून घुसवणारा माणूस बातमीच्या टेबलावर नसावा. तेथे माझी सहानुभूती संपते. चोरीच्या बातमीत आरोपीचे आडनाव मथळ्यात घ्यायचे की आत, हा निर्णय रोज रात्री अकराला उपसंपादकच घेत असतो, त्यामुळे तुमच्या संपादकांना तुमच्याविषयी शंका आली तर ती अनाठायी नाही. काही महिने तुम्हाला गुन्हेगारी आणि शहराच्या पानांवरून हलवले तर तक्रार करू नका. परंतु म्हणणे न ऐकता, लेखी आरोप न ठेवता दाराबाहेर काढणे ही नैतिकता नव्हे, ते हात झटकणे आहे.

अमेरिकेतील २०१० सालची दोन उदाहरणे मी त्या काळात पुन्हापुन्हा वाचली होती. विमानात मुस्लिम वेशातील लोक दिसले की आपण अस्वस्थ होतो, असे ज्येष्ठ पत्रकार हुआन विल्यम्स ऑक्टोबरमध्ये फॉक्स वाहिनीवर बोलले, आणि दोन दिवसांत एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीने त्यांना फोनवरून काढून टाकले. अतिरेक्यांसाठी सर्व मुसलमानांना दोषी धरू नये, असेही त्यांनी त्याच चर्चेत सुचवले होते, पण ते मागे पडले. एनपीआरच्या प्रमुखांनी विल्यम्स यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा उल्लेख करून शेरा मारला आणि मग स्वतःच दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०११ मध्ये चौकशीनंतर, फोन करणाऱ्या वरिष्ठ वृत्त-अधिकाऱ्यांनाही पद सोडावे लागले. फॉक्सने विल्यम्स यांच्याशी सुमारे वीस लाख डॉलरचा करार केला. त्याच वर्षी जुलैमध्ये सीएनएनने ऑक्टाव्हिया नसर यांना वीस वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठवले होते, कारण लेबनॉनमधील शिया धर्मगुरू फदलल्ला यांच्या निधनावर त्यांनी आदराचे ट्वीट केले होते. एकाने भीती बोलून दाखवली, दुसरीने आदर. दोघांचीही नोकरी गेली. म्हणून ‘मुसलमानांविरुद्ध बोलल्यावरच नोकऱ्या जातात’ असे तुमच्या पोस्टखाली जे लिहीत आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आपल्याकडची विसंगती वेगळी आहे. करोनाच्या काळात तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या परदेशी सदस्यांविरुद्ध नोंदवलेले गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये वृत्तपत्रे आणि वाहिन्यांवरील अपप्रचाराचा स्पष्ट उल्लेख केला होता. त्या मार्च-एप्रिलमध्ये जे छापले आणि दाखवले गेले, त्याची दुरुस्ती तुमच्या-माझ्या पाहण्यात कितीदा आली? भारतीय प्रेस परिषद फार तर ताकीद देऊ शकते किंवा निर्भर्त्सना करू शकते, दंड करू शकत नाही. अशा वेळी सोसायटीच्या गटावरचा उपसंपादक सापडला की त्यालाच धरायचे, हे साप सोडून भुई धोपटणे आहे. याचा अर्थ तुम्ही निर्दोष आहात, असा मात्र काढू नका.

तुम्ही पोस्टच्या शेवटी ‘मग हमीद दलवाईंनी काय केले’ असे विचारले आहे, ते कृपया सोमवारी बोलू नका. दलवाई १९६६ साली सात मुस्लिम महिलांना बरोबर घेऊन विधान भवनावर गेले, ते तोंडी तलाक रद्द व्हावा म्हणून. १९७० साली याच पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्या मोर्चातली त्यांची टीका एका प्रथेवर होती आणि ज्यांना ती भोगावी लागत होती त्यांच्या बाजूने होती. अमक्यांना घर देऊ नका, हे त्या परंपरेत बसत नाही.

तीन आनुषंगिक गोष्टी. माझ्या राजीनाम्यानंतर चार दिवसांत एका मंडळाने ‘सत्य लिहिल्याबद्दल’ शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार ठरवला होता. तो मी नाकारला, आणि त्या महिन्यातले माझे एकमेव शहाणपण तेवढेच. तुम्हालाही बोलावणे येईल. जाऊ नका, कारण ते छायाचित्र उद्या तुमच्याच विरोधात पुढे येईल. दुसरे, गटावरचे ते वाक्य आता घाईने पुसून टाकू नका, त्याच गटावर त्याखाली माफी लिहा. पोलिसांत तक्रार नाही असे तुम्ही म्हणता, पण माफीने फौजदारी बाजू आपोआप मिटत नाही, हे वृत्तनिवेदक अमिश देवगण यांच्या प्रकरणात दिसले आहे: एका सूफी संताविषयी बोलताना जीभ घसरली म्हणून त्यांनी माफी मागितली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये गुन्हे रद्द करण्यास नकार दिला. म्हणून माफीचा मसुदा आधी वकिलाला दाखवा. तिसरे, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि नियुक्तिपत्र कार्यालयाच्या संगणकावर असतील तर त्यांच्या प्रती उद्याच घ्या. नोकरी गेली की कार्यालयातले खाते त्याच सायंकाळी बंद होते.

सोमवारी जाताना दोन परिच्छेदांचे पत्र घेऊन जा. पहिल्यात काय लिहिले ते जसेच्या तसे उद्धृत करून ते चूक होते असे लिहा, ‘भावना दुखावल्या असल्यास’ असले शब्द न वापरता. दुसऱ्यात राजीनामा देण्याचा तुमचा विचार नसून, आरोप असतील तर ते लेखी मिळावेत आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, अशी विनंती करा. समोर तयार कागद सरकवला तर तो वाचायला घरी नेतो म्हणा आणि पेन खिशातच ठेवा. पत्राचा मसुदा इथे टाकलात तर मी रविवारी रात्रीपर्यंत पाहीन. मात्र सोसायटीचे आणि त्या कुटुंबाचे नाव त्यातून आधी काढून टाका, त्यांना अजून घर शोधायचे आहे.