टूलचं वर्णन लिहिताना

भाऊ, एआय मॉडेलला नागपूरच्या कळमना मार्केटचा संत्र्याचा ठोक भाव आणून देणारं टूल (मॉडेल गरजेप्रमाणे बोलावतं ते फंक्शन) छान बांधलंस, पण वर्णनात नुसतं ‘भाव देते’ लिहून कसं चालेल? मॉडेलला तुझा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (टूलला कोणती माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा), एवढ्यावरच ते कोणतं टूल कधी वापरायचं हे ठरवतं. भाव क्विंटलचा की किलोचा, तारीख २०२५-०१-१५ अशीच हवी का, मार्केट बंद असलं तर रिकामी यादी येते की एरर, सगळं लिही. टूल कधी वापरू नये तेही. किरकोळ भावासाठी वेगळं टूल आहे ना बाप्पा! ‘डेटा१’ असलं पॅरामीटरचं नाव तर काढूनच टाक.

मग आपल्याकडे विचारतात तसे हिंदी-मराठी मिसळलेले प्रश्न टाकून बघ. चुकीचं टूल उचललं तर लगेच कोडला हात लावू नको, आधी दोन्ही टूलची वर्णनं शेजारी ठेवून वाच.