वाचक विचारतात : उपग्रहातून झाडं ओळखताना

उपग्रह-प्रतिमा आणि मशीन लर्निंग (संगणकाच्या प्रोग्रामला, म्हणजे 'मॉडेल'ला, नमुने दाखवून ओळखायला शिकवणं) वापरून झाडांवर लक्ष ठेवण्याच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे. 'उपग्रह-प्रतिमांवरून वृक्षाच्छादनाचा अभ्यास, मशीन लर्निंग येत असल्यास प्राधान्य' अशी एका संशोधन प्रकल्पाची जाहिरात आली आहे. पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) जेमतेम येतं. अर्ज करू का? रोजचं काम काय असतं?
(एक वाचक, अमरावती)

जरूर करा. अशा जागेवर सुरुवातीचे काही महिने मॉडेलला फारसा हातही लागत नाही. प्रतिमा उतरवणं, ढग आणि ढगांच्या सावल्या काढून टाकणं आणि लेबलं लावणं, म्हणजे पडद्यावर घेर आखून 'हे झाड, हा ऊस, हे गवत' असं सांगत जाणं, यातच दिवस जातात. पश्चिम आफ्रिकेच्या सहारा-साहेल पट्ट्यात १८० कोटींहून अधिक झाडं मोजल्याचं संशोधन २०२० मध्ये गाजलं. त्या मॉडेलला शिकवायला सुमारे ९०,००० झाडांचे घेर आधी हाताने आखावे लागले होते. साग कधी पान गाळतो आणि आंबा कधी पालवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. निव्वळ कोड लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि लेबलं चुकतात ती तिथेच.

मुलाखतीआधी एक छोटं काम स्वतः करून पाहा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा फुकट मिळतात. मेळघाटाच्या कडेचा एखादा तुकडा घ्या. एक प्रतिमा नोव्हेंबरची, दुसरी मार्चअखेरची, दोन्ही 'लेव्हल २ए' म्हणजे वातावरणाचा परिणाम काढलेल्या. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढा. सागाचं रान नोव्हेंबरात गच्च हिरवं आणि मार्चमध्ये उघडं दिसेल, ओढ्याकाठची सदाहरित झाडं तशीच राहतील. मग २००-३०० ठिकाणं, चार-पाच वर्ग आणि साधं रँडम फॉरेस्ट (वर्ग ओळखणारी मशीन लर्निंगची एक सोपी पद्धत). डीप लर्निंगची घाई नको.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन झाडांची ठिकाणं (बिंदू) नोंदवताना फोनच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नका, दाट झाडीत तो सहज ५ ते १० मीटर सरकतो. एकसारख्या झाडीच्या किमान ३० बाय ३० मीटर तुकड्याच्या मध्यावर उभं राहा, तारीख व जाती लिहा, चारही दिशांचे फोटो घ्या. आणि तुमच्याच भागातली एक खोड: यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ अंश रेखांशावरून जाते. अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा-नागपूर ४४ मध्ये. दोन्हीकडचा डेटा तसाच जोडला की बिंदू भलतीकडेच जाऊन पडतात.

नेट किंवा गेट असेल तर जेआरएफचं (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचं) दरमहा मानधन २०२३ पासून ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा (भू-मापन व नकाशांचा) स्वतंत्र पेपरही आहे. मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: जागेवर फिरण्याच्या खर्चाची तरतूद आहे का? नसेल तर लेबलं खुर्चीत बसूनच लागणार, हे समजून चला.

आंबा-काजूच्या बागा आणि निमसदाहरित जंगल वेगळं करणारं मॉडेल बनवलं. चाचणीत ९७ टक्के अचूक आलं. शेजारच्या तालुक्यावर चालवलं तर अर्धं जंगल काजू म्हणून दाखवतंय.
(संशोधक विद्यार्थी, सिंधुदुर्ग)

ते ९७ टक्केच खोटे आहेत. तुम्ही बागांचे घेर आखले, सगळे पिक्सेल (प्रतिमेतले सर्वांत छोटे चौकोन) एकत्र केले आणि ८०-२० असे चिठ्ठ्या टाकून वाटले असणार. १० मीटरच्या प्रतिमेत, म्हणजे एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा असताना, एका हेक्टरच्या बागेत १०० पिक्सेल येतात. त्यातले ८० शिकवायला गेले, २० परीक्षेला. शेजारशेजारचे पिक्सेल जवळजवळ सारखेच, म्हणजे पेपर फुटल्यातच जमा! भाग ५ किलोमीटरच्या चौकटींत विभागा आणि अख्खी चौकट एकतर शिकवायला द्या, नाहीतर परीक्षेला. आकडा घसरेल. जो उरेल तो तुमचा.

आता मूळ अडचण. तिन्ही बहुतांशी सदाहरित, तेव्हा एका तारखेच्या प्रतिमेवर ती वेगळी होणं कठीण. वर्षभराच्या प्रतिमा लावा. एप्रिल-मे महिन्यांत बागेत झाडांच्या मधली जमीन आणि वाळलेलं गवत उघडं पडतं, जंगलाचा माथा (वरचा पर्णसंभार) मिटलेला राहतो. त्या महिन्यांत सेंटिनेल-२ च्या बी११ आणि बी१२ या लघु-अवरक्त प्रकाशपट्ट्यांचा खूप उपयोग होतो. हे पट्टे आणि रेड-एजचे (लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या सीमेवरचे) बी५, बी६, बी७ मुळात २० मीटरचे असतात. ताणून १० मीटरचे केले तरी त्यांत नवी माहिती येत नाही, म्हणून अर्ध्या एकराच्या बागेवर त्यांचा भरवसा धरू नका. ओळीत लावलेली कलमं ओळखायची तर अर्धा ते एक मीटरची प्रतिमा हवी. जुन्या, माथा मिटलेल्या काजूच्या बागेला मात्र जागेवर जाण्यावाचून इलाज नाही.

पुढे तोड शोधणार असाल तर राबाची आठवण ठेवा. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या छाटतात. मार्चमध्ये ती झाडं बोडके खांब होऊन उभी असतात आणि मॉडेल 'झाड गेलं' म्हणून मोकळं होतं. पावसाळ्यानंतर तिथेच पुन्हा हिरवं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात जागा रिकामी दिसली, तरच तोड धरा.

सेंटिनेल-२ वरून एका राईचा २०१८ पासूनचा एनडीव्हीआय काढतो आहे. जानेवारी २०२२ अखेर तो ०.७ वरून एकदम ०.४५ वर आला. तोड नाही, वणवा नाही. प्रतिमा खराब आहेत का?
(एक वाचक, पुणे)

प्रतिमा ठणठणीत आहेत. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अंतराळ संस्थेने प्रक्रियेची पद्धत बदलली आणि फाइलमधल्या प्रत्येक आकड्यात १,००० मिळवले जाऊ लागले. समजा बी८ (जवळच्या अवरक्त पट्ट्या) चा खरा आकडा ३,००० आणि बी४ (लाल पट्ट्या) चा ५०० आहे. एनडीव्हीआय म्हणजे दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, २,५०० भागिले ३,५००, अर्थात ०.७१. दोन्हींत हजार मिळवले की वर २,५०० च राहतात, खाली ५,५०० होतात, उत्तर ०.४५. राई जागच्या जागी उभी आहे. प्रत्येक पट्ट्यातून १,००० वजा करा, किंवा गूगलच्या अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घ्या. फक्त तारखेवर जाऊ नका, कारण जुन्या प्रतिमाही नव्या पद्धतीने पुन्हा तयार झाल्या आहेत. फाइलच्या नावात 'एन०४००' किंवा त्यापुढचा क्रमांक असेल तर वजाबाकी करायची.

बांधावरच्या चिंचा, कडुलिंब उपग्रहातून एकेक मोजता येतात का? अहवालांत वृक्षाच्छादन वाढल्याचं वाचतो, गावात मात्र मोठी झाडं कमी होताना दिसतात.
(शेतकरी वाचक, लातूर)

८ मीटर व्यासाच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर. सेंटिनेलचा एक पिक्सेल १०० चौरस मीटरचा, म्हणजे झाड अर्ध्या पिक्सेलात संपलं. ३ मीटरच्या प्रतिमेत त्याचे पाच-सहा पिक्सेल होतात, अर्ध्या मीटरच्या प्रतिमेत २००. एकेक झाड मोजायला हे शेवटचे दोन प्रकार लागतात.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान १ हेक्टर क्षेत्र आणि १० टक्के माथा एवढं जमलं की ते वनाच्छादन, मग ती फळबाग का असेना. बांधावरची एकटी चिंच या नकाशात येत नाही, वनाबाहेरच्या झाडांचा अंदाज नमुना पद्धतीने वेगळा काढला जातो. त्यामुळे अहवाल आणि तुमचं निरीक्षण दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये भारतातल्या शेतांमधल्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१०-११ मध्ये दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे ११ टक्के २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती, आणि जास्त घट झालेल्या भागांत तेलंगण व महाराष्ट्र होते. पण तो हिशेब फक्त गेलेल्या झाडांचा आहे, नव्याने लावलेली रोपं त्यात वजावट म्हणून धरलेली नाहीत.

गावापुरतं स्वतः मोजणार असाल तर एक ध्यानात ठेवा. उपग्रह तिरका पाहत असतो. १५ मीटर उंचीचं झाड २० अंशांच्या तिरकेपणात साडेपाच मीटर सरकून दिसतं. दोन वर्षांच्या प्रतिमा नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर तेच झाड एकदा 'गेलेलं' आणि एकदा 'नवं' असं दोनदा मोजलं जातं.

एक लाख हेक्टरच्या क्षेत्रात आमच्या नकाशाने २,००० हेक्टर तोड दाखवली. अहवालात हाच आकडा द्यावा ना?
(प्रकल्प सहायक, नागपूर)

नको. 'तोड' दाखवलेल्या भागात १०० आणि 'जैसे थे' भागात ४०० बिंदू यदृच्छेने टाका आणि जास्त बारकाव्याच्या प्रतिमेत एकेक तपासा. समजा तोडीतले ८० खरे निघाले आणि जैसे थे मधल्या ४ ठिकाणी तोड सापडली. मग खरी तोड म्हणजे २,००० चे ८० टक्के, १,६००, अधिक ९८,००० चा १ टक्का, ९८०. एकूण २,५८० हेक्टर. नकाशा एकंदर ९८.६ टक्के अचूक आणि तरी क्षेत्र २९ टक्क्यांनी जास्त निघालं. त्या चार बिंदूंवरच सगळा डोलारा असल्याने ९५ टक्के विश्वासपातळीला उत्तर सुमारे ९७० हेक्टरने इकडेतिकडे होऊ शकतं, तेही सोबत छापा. ही अनिश्चितता कमी करायची असेल तर तोडीच्या कडेने ३०-४० मीटरची पट्टी वेगळा वर्ग धरून तिथे जास्त बिंदू टाका. निसटलेली तोड बहुधा तिथेच सापडते.