सफाईच्या ॲपमध्ये ‘रद्द’ हा शब्द दोन अर्थांनी वापरू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोजवरच्या तात्पुरत्या फायली साफ करणारे छोटे ॲप तुम्ही गोव्यातल्या फोंड्यात बसून तयार केले आहे. वापरणारे म्हणजे आसपासची दुकाने, दोन शाळा आणि एक देवस्थान समिती. मराठी मजकूर लिहिताना एका बटणावर ‘साफ करा’, दुसऱ्यावर ‘हटवा’ आणि तिसऱ्यावर ‘डिलीट’ आले आहे. यातला शुद्ध शब्द कोणता, असे तुम्ही विचारता.

शुद्धतेचा प्रश्न मी मागे ठेवतो. तिन्ही शब्द मराठी माणसाला कळतात. अडचण अशी की तीन शब्द दिसले की वाचणारा तीन वेगळी कामे धरून चालतो. ‘साफ करा’ म्हणजे काहीतरी नीटनेटके होईल, ‘हटवा’ म्हणजे इथून दुसरीकडे जाईल, ‘डिलीट’ म्हणजे जाईल. इतर ॲपमध्ये असा गैरसमज निस्तरता येतो. तुमच्या ॲपमध्ये त्यापायी माणसाची फाईल जाते.

हे मी पाहिलेले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डिचोलीत माझे दुरुस्तीचे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी, जत्रेला तीन आठवडे उरले असताना तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाचे सचिव लॅपटॉप घेऊन आले. जत्रेच्या रात्री व्हायच्या ऐतिहासिक नाटकाच्या सगळ्या नकला, म्हणजे नटांना पाठ करायचे संवाद, त्यांनी स्वतः टाइप केल्या होत्या, प्रत्येक पात्राची वेगळी फाईल. दिग्दर्शकाने सुधारून व्हॉट्सॲपवर परत पाठवलेल्या त्या प्रती डाउनलोड्समध्येच राहिल्या होत्या. लॅपटॉप हळू चालतो म्हणून कुणीतरी एक सफाईचे ॲप टाकून दिले. त्यात ओळ होती ‘अनावश्यक डाउनलोड: ६१२’, आणि तिच्यापुढे आधीच बरोबरची खूण. बटण दाबल्यावर चौकट आली: ‘ही क्रिया रद्द करता येणार नाही. पुढे जायचे आहे का?’ खाली दोन बटणे, ‘ठीक’ आणि ‘रद्द करा’.

सचिव मला म्हणाले, “भाई, मला वाटलं एकदा सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही. म्हटलं चालू दे, मला कुठे घाई आहे.”

त्यांनी वाक्य बरोबरच वाचले होते. चूक लिहिणाऱ्याची होती. इंग्रजीत ‘कॅन्सल’ (काम थांबवणे) आणि ‘अनडू’ (झालेले पूर्ववत करणे) हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींसाठी ‘रद्द’ वापरला गेला आणि ‘गेलेले परत येणार नाही’ या इशाऱ्याचा अर्थ ‘मध्ये थांबणार नाही’ असा झाला. शिवाय रद्द करता येणार नाही असे सांगणाऱ्या वाक्याखालीच ‘रद्द करा’ हे बटण. माणसाने त्यातून काय समजायचे?

लॅपटॉपमध्ये एसएसडी होती, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह. फाईल डिलीट झाली की विंडोज ट्रिमच्या आज्ञेने ड्राइव्हला कळवते की ही जागा आता लागत नाही, आणि ड्राइव्ह आपल्या सवडीने ती रिकामी करते. फायली परत मिळवणारे सॉफ्टवेअर लावल्यावर ‘जिजाऊ’, ‘किल्लेदार’, ‘हेर १’ अशी नावे सापडली, पण आत सगळी शून्ये. शेवटी दिग्दर्शकाच्या खुणा केलेल्या जुन्या वहीवरून मंडळाच्या पोरांनी चार रात्री बसून नकला हाताने उतरवल्या. तालमीचे चार दिवस गेले.

तीच चौकट आज मी अशी लिहीन: ‘डाउनलोड्स या फोल्डरमधल्या ६१२ फायली कायमच्या डिलीट होतील. त्या रीसायकल बिनमध्ये जाणार नाहीत आणि परत आणता येणार नाहीत.’ बटणे: ‘६१२ फायली डिलीट करा’ आणि ‘राहू द्या’. वरचे वाक्य न वाचता कुणी नुसते बटण वाचले तरी काय होणार ते कळले पाहिजे, कारण पुष्कळ जण नुसते बटणच वाचतात. ‘ठीक’, ‘होय’, ‘पुढे’ हे शब्द अशा चौकटीतून सरळ काढा. आणि डाउनलोड्सपुढची खूण आधीपासून कधीही ठेवू नका. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत खुद्द मायक्रोसॉफ्टच्या डिस्क क्लीनअपमध्ये डाउनलोड्सची ओळ आली होती. सगळ्या खुणा डोळे झाकून करायची सवय असलेल्या लोकांना त्याचा फटका बसला. पुढच्या एका आवृत्तीत ती ओळ काढली गेली.

आता शब्दांकडे. मजकुराला हात घालण्याआधी एका कागदावर क्रिया लिहा आणि प्रत्येकीला एकच शब्द द्या. माझी निवड सांगतो. फाईल कायमची जाते तिथे ‘डिलीट करा’. फोनवर ‘हटवा’ दिसते हे खरे, आणि तुम्ही ते घेतलेत तर मी भांडणार नाही. पण काउंटरपलीकडून कुणी ‘भाई, फाईल हटवली’ असे म्हणालेले मी ऐकलेले नाही. सगळे ‘डिलीट’च म्हणतात. आपल्याकडे घरात कोंकणी आणि वाचायला मराठी अशी कितीतरी माणसे आहेत, त्यांनाही हाच शब्द अडखळल्याशिवाय कळतो. ‘काढा’ हा शब्द राखून ठेवा ‘या यादीतून काढा’ यासाठी, जिथे फाईलला धक्का लागत नाही. ‘साफ करा’ फक्त मुख्य बटणावर, जिथे निवडलेले सगळे एकदम होते. चालू काम थांबवायला ‘थांबवा’. चौकट बंद करून मागे जायला ‘राहू द्या’ किंवा ‘मागे’. ‘रद्द’ हा शब्द तुमच्या ॲपमध्ये कुठेच नसला तरी काही बिघडत नाही. ‘संचिका’ आणि ‘धारिका’ही नकोत, फाईल, फोल्डर, ब्राउझर हे शब्द आता आपलेच आहेत.

बटणावर आज्ञार्थ ठेवा: ‘तपासा’, ‘साफ करा’. विभागाच्या शीर्षकात नाम ठेवा: ‘तपासणी’, ‘सेटिंग’. एका ठिकाणी ‘तपासणे’, दुसरीकडे ‘तपास करा’, तिसरीकडे ‘स्कॅन’ असे झाले की पुन्हा तीच गत.

मराठीत खरी गोची होते ती प्रोग्रामने मध्ये शब्द भरायच्या वाक्यांत. इंग्रजीत रिकामी जागा ठेवून पुढे ‘डिलीटेड’ लिहिले की काम भागते. मराठीत फाईल ‘डिलीट झाली’, फोल्डर ‘डिलीट झाला’, चित्र ‘डिलीट झाले’, फायली ‘डिलीट झाल्या’. एकाच साच्यात सगळे कोंबले की ‘१२ कुकी डिलीट झाले’ (कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) असले वाक्य पडद्यावर येते आणि वाचणाऱ्याचा ॲपवरचा विश्वास तिथेच कमी होतो. वाक्य फिरवा: ‘डिलीट झालेल्या फायली: १२’. नाम तुमच्या हातात, आकडा शेवटी, लिंगाचा प्रश्नच येत नाही. जिथे पूर्ण वाक्य हवेच तिथे भाषांतराच्या फाईलमध्ये दोन रूपे द्या, एक एकासाठी आणि एक बाकी सर्व आकड्यांसाठी; मराठीला दोन पुरतात. शून्याला मात्र स्वतंत्र वाक्य लिहा: ‘डिलीट करण्यासारखे काही सापडले नाही.’ फोल्डरच्या नावाला विभक्ती थेट जोडू नका. ‘डाउनलोड्समधून’ जमते, पण वापरणाऱ्याने फोल्डरला ‘जत्रा’ नाव दिले असेल तर ‘जत्रामधून’ असे अशुद्ध रूप येईल. ‘जत्रा या फोल्डरमधून’ असे लिहिले की कुठलेही नाव खपते.

प्रत्येक खुणेखाली एक ओळ द्या, आणि त्या ओळीत ती गोष्ट काय आहे यापेक्षा ती गेल्यावर काय होईल ते सांगा. कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या वेबसाइटच्या प्रती): ‘वेबसाइट पहिल्यांदा उघडताना थोडा जास्त वेळ लागेल.’ कुकी: ‘वेबसाइटवर पुन्हा लॉगिन करावे लागेल.’ लघुचित्रे (थंबनेल): ‘फोल्डर उघडल्यावर पुन्हा तयार होतील.’ आधीच्या विंडोजच्या फायली: ‘जुन्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही.’ साठवलेले पासवर्ड कुकीच्या ओळीत कधीही घुसडू नका, त्यांची ओळ वेगळी ठेवा. देवस्थानच्या खजिनदाराला कॅशे म्हणजे काय हे ठाऊक असायची गरज नाही. उद्या बँकेच्या साइटवर पुन्हा लॉगिन करावे लागणार, हे मात्र त्याला आधी कळले पाहिजे.

भीती घालू नका, हे मी कळकळीने सांगतो. ‘१४३२ चुका सापडल्या! तुमचा कॉम्प्युटर धोक्यात!’ अशी लाल अक्षरे पाहून घाबरलेली माणसे आठवड्याला एक तरी माझ्याकडे येतात. तात्पुरती फाईल ही चूक नव्हे. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथे साठवते तिथली, जुनी नोंदही सहसा कुणाला त्रास देत नाही, आणि रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. घाबरवून पैसे भरायला लावणाऱ्या सफाईच्या सॉफ्टवेअरना विंडोज डिफेंडर हा विंडोजमधला सुरक्षेचा प्रोग्राम १ मार्च २०१८ पासून नको असलेले सॉफ्टवेअर म्हणून पकडू लागला. अमेरिकेत २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या दोन कंपन्यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले, कारण ग्राहकांच्या कॉम्प्युटरच्या मोफत तपासणीत दोष असल्याचे खोटे दाखवून दुरुस्ती विकल्याचा त्यांच्यावर आरोप होता. तुम्ही नुसते ‘३.९ जीबी जागा मोकळी होऊ शकते’ एवढेच लिहा. तेवढे पुरते आणि ते खरे असते.

आकड्यांबाबत थोडेच. डिस्क बनवणारे १००० च्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून ५०० जीबीची डिस्क तिथे ४६५ दिसते. तुमचे आकडे विंडोजशी जुळले पाहिजेत. आधी ३.९ सांगून नंतर ३.६ मोकळी झाली तर कारण तिथेच लिहा: ‘१८ फायली वापरात होत्या, त्या तशाच ठेवल्या.’ अंक देवनागरी घ्या किंवा इंग्रजी घ्या, पण सगळीकडे एकच. आणि ‘सुरक्षितपणे पुसा’ असा पर्याय दिला असेल तर एसएसडीवर मजकूर शंभर टक्के पुसला जाण्याची हमी देता येत नाही. त्याच फाईलवर पुन्हा लिहिले तरी ड्राइव्ह नवा मजकूर दुसऱ्याच जागी ठेवू शकते. तसे स्पष्ट लिहा.

बटणाची उंची इंग्रजी अक्षरांपुरती असेल तर ‘सेटिंग’मधली वेलांटी आणि ‘कुकी’मधला उकार कापला जातो, तेही तपासून घ्या. ‘दुसऱ्या’, ‘पुढच्या’ असे शब्द तुमच्या फाँटमध्ये नीट दिसतात का, तेही पाहा.

शेवटी, समितीतल्या एखाद्या माणसाला शेजारी बसवा, एकेक चौकट दाखवा आणि विचारा: “हे दाबलं तर काय होईल?” तुम्ही मध्ये बोलायचे नाही. त्याचे उत्तर चुकले तर मजकूर बदलायचा, त्याला समजावत बसायचे नाही. शब्दांचा कागद तयार झाला की मला पाठवा. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी वाचतो, आणि डाउनलोड्सच्या ओळीपासून सुरुवात करतो.