नीट, राक्षस आणि रद्दीत गेलेल्या वह्या

बडोद्याहून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगा बारावीत, बी ग्रुपला, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र घेतलेला. दहावीला 88 टक्के, आता नीटच्या सराव परीक्षेत 720 पैकी 290. त्यांच्या मते याला एकच कारण आहे, ते म्हणजे रात्री जागून पाहिलेले परग्रहवासीयांच्या आक्रमणाचे आणि अवाढव्य प्राण्यांच्या धुमाकुळाचे चित्रपट. मुलाच्या तीन वह्या त्यांनी रद्दीत दिल्या, त्यांतील दोन पानांची छायाचित्रे ‘वेडाचा पुरावा’ म्हणून मला पाठवली आणि विचारले, की नीट जमलेच नाही तर त्याला एखाद्या व्हीएफएक्सच्या, म्हणजे चित्रपटांतली अद्भुत दृश्ये घडवण्याच्या, कोर्सला टाकावे का.

स. न.

आपल्या पत्रातील 290 या आकड्याने मी अस्वस्थ झालो नाही. ‘वह्या रद्दीत दिल्या’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने लिहिले आहे, त्याने झालो. सतरा वर्षांच्या मुलाने कोणी न सांगता भरलेल्या वह्या घरातून नाहीशा झाल्या, तर त्यातून तो अभ्यासाला लागत नाही. आपल्या मनातले यापुढे घरात कोणाला दिसू द्यायचे नाही, एवढेच तो शिकतो. पत्रात आपल्या अपेक्षा आहेत, ट्यूशनची फी आहे, डॉक्टर झालेला पुतण्या आहे. मुलाला काय हवे आहे, याबद्दल एक ओळही नाही. आपण त्याला विचारले असेल आणि लिहायचे राहिले असेल, असे मानण्याचा मी प्रयत्न केला, पण पत्राचा सूर तसा नाही. रद्दीवाला गल्लीतलाच असेल, तर आजच त्याच्याकडे जाऊन या.

आता ती दोन पाने. पहिल्या पानावर त्याने घोरपड तीसपट मोठी करून पाहिली आहे: लांबी 30 पट, हाडाचा छेद 900 पट, वजन मात्र 27,000 पट, आणि खाली लिहिले आहे, ‘पहिल्याच पावलाला पाय मोडेल’. हाडांविषयीचा हा विचार गॅलिलिओने 1638 मध्ये मांडला होता आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये तो एका सुंदर निबंधात फुलवला. (हे हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) दुसऱ्या पानावर प्रश्न आहे, की परग्रहावरून आलेला जीव आपल्या जंतूंनी मरेल का. एच. जी. वेल्स यांनी 1898 मध्ये आपल्या कादंबरीत मंगळवासीयांना जंतूंकडूनच मारवले. आपल्या मुलाची शंका अशी, की ज्या शरीराचे रसायनच वेगळे आहे, त्यात आपले जंतू वाढतील तरी कसे. ज्याला आपण वेड म्हणता, ते मला जीवशास्त्राचे चांगले गृहपाठ वाटतात, आणि तेही कोणी न दिलेले.

व्हीएफएक्सच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. राक्षस संगणक तयार करतो, सॉफ्टवेअर शिकले की काम झाले, आणि म्हणून ही नीट न जमलेल्यांची सोय आहे, असे आपण गृहीत धरले आहे. 1954 च्या जपानी ‘गॉडझिला’मध्ये पन्नास मीटर उंचीचा प्राणी म्हणजे सुमारे 100 किलोंचा पोशाख घातलेला माणूस होता आणि त्याच्या पायांखालचे शहर 1:25 या प्रमाणात बांधलेले होते. पंचवीसपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला पाचपट वेळ लागतो; म्हणून अशी दृश्ये कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रित करून पडद्यावर संथ दाखवावी लागतात, नाही तर कोसळणारी इमारत खेळण्यासारखी दिसते. आज पोशाखाची जागा संगणकाने घेतली असली, तरी हे गणित बदललेले नाही, आणि हत्ती वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे नेतो हे ज्याने पाहिलेले नाही, त्याचा राक्षस फुग्यासारखाच चालतो. याच मालिकेतल्या 2023 च्या चित्रपटाला 2024 मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्याचे काम करणारा चमू अवघ्या 35 कलाकारांचा होता. अशा चमूत शिरकाव होतो तो दिवसरात्र चित्रे काढणाऱ्यांचा. आपल्या मुलाच्या पहिल्या पानावर घोरपडीचे जे चित्र आहे, ते, स्पष्टच सांगतो, बेताचे आहे. त्याला खरोखर हीच वाट हवी असेल, तर एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा आणि आयआयटींतल्या डिझाइन अभ्यासक्रमासाठीची यूसीड या परीक्षा आहेत, शिवाय गावातच सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्‌स फॅकल्टी आहे; परंतु मला तसे दिसत नाही.

मला दिसतो तो प्राण्यांच्या शरीररचनेचे कोडे पडलेला मुलगा, आणि त्यासाठी तो चुकीच्या गावात जन्मलेला नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. एवढे धूड पाणी तोलून धरते आणि जमिनीवर ते का उभे राहू शकणार नाही, हे त्याला तिथे नेऊन विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. बालासिनोरजवळच्या रैयोलीला डायनासोरचे जीवाश्म मिळाले आहेत आणि 2003 मध्ये नाव मिळालेला राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर त्याच परिसरातला. सुटीत तिथेही जाऊन या.

नीटची परीक्षा त्याने अवश्य द्यावी, तयारी झालेलीच आहे. मात्र आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा अर्जही या वर्षी भरा. तीत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चारही विषयांना सारखे वजन असते, त्यामुळे बी ग्रुपच्या मुलाला गणित स्वतंत्रपणे करावे लागेल, आणि ज्याने घोरपडीचा हिशेब मांडला, त्याला ते झेपेल. तिथे जमले नाही, तर सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणे यात कमीपणा मानू नका. रात्री दोनपर्यंत चित्रपट पाहून सकाळी पेंगणे मात्र त्याने थांबवले पाहिजे. शनिवारी एक पाहावा, हवे तर आपण सोबत बसावे.